मिताकाची मुलं ठाण्यात

बुधवार, 26 मार्च 2025

ताईची मुलगी गेल्या सप्टेंबरात टोकियोजवळच्या मिताका इथे इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, तेव्हा नातेवाइकांनी दोनच प्रश्न लावून धरले होते. तिथे धर्म बदलायला सांगतात का, आणि शिकून ही नेमकी होणार कोण? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. प्रवेशाला धर्माची अट नाही. दुसऱ्याचं उत्तर भावोजींना अजून पटलेलं नाही. तिथे एकच शाखा आहे, लिबरल आर्ट्स. पहिली दोन वर्षं पदार्थविज्ञान, इतिहास, संगीत, भाषा, काय हवं ते शिकायचं आणि दुसरं वर्ष संपताना तीसहून जास्त विषयांतून आपला मुख्य विषय सांगायचा. आमच्या नौपाड्यात आठवीतल्या मुलाला क्लासवाले विचारतात, जेईई की नीट. त्या हवेत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच.

तिचं हिवाळ्याचं सत्र संपलं आणि एप्रिलमधलं सत्र सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत ती घरी आली. बरोबर तिघं होती: एक जपानी मुलगी, योग्यकार्ताची एक इंडोनेशियन मुलगी आणि मनिलाचा एक मुलगा. ताईचं ऐरोलीचं घर लहान, म्हणून चौघांची पथारी माझ्याकडे ठाण्यात. मी शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे वेळ मुबलक. विमानतळावरून घरी येईतो साडेअकरा वाजले. रमजानचे शेवटचे दिवस चालू होते आणि इंडोनेशियन मुलीचे रोजे होते. प्रवासात सूट असते, नंतर भरून काढता येतात, पण तिला ते आत्ताच धरायचे होते. मी साडेचारचा गजर लावला. मनिलाच्या मुलाचा ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळ चालू, त्यामुळे शुक्रवारी तो मांस खाणार नाही. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे शुक्रवार सोपा जाईल." खरंच होतं ते, आमच्याकडे आठवडाभर वरणभात.

गुरुवार, 27 मार्च

पहाटे साडेचारला पोळी, अंडाभुर्जी, खजूर आणि दोन पेले पाणी. मुलगी खात असताना बाकी तिघंही उठून तिच्याशेजारी येऊन बसली. वसतिगृहात असंच करतात म्हणे.

उन्हं तापायच्या आत ठाणे स्टेशन गाठलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे येऊन थांबली होती. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, अंतर 34 किलोमीटर. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेन. जपानी मुलीनं लगेच सांगितलं, त्यांच्याकडे शिंबाशी ते योकोहामा गाडी 1872 मध्ये सुरू झाली, म्हणजे ठाणं एकोणीस वर्षं पुढे. मग तिनं विचारलं, "रुळांसाठी लाकूड कुठलं आणि खडी कोणी फोडली?" तिचा कल पदार्थविज्ञानाकडे आहे, पण प्रश्न मजुरांचा होता. तीस वर्षं शिकवताना माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण परीक्षेत तारीख आणि अंतर विचारतात.

भाचीनं सांगितलं, त्यांच्या बऱ्याच वर्गांत तास संपताना प्रत्येकानं अर्ध्या पानावर आपला प्रश्न लिहून द्यायचा असतो. शिक्षक पुढच्या तासाला त्यातले काही घेऊन सुरुवात करतात. बरोबर उत्तराला तिथे जेवढी किंमत, तेवढीच चांगल्या प्रश्नाला. शिक्षिका म्हणून सांगते, हे करायला शिक्षकाच्या अंगात धीर लागतो आणि वर्गात मुलं कमी लागतात. साठ मुलांच्या वर्गात साठ चिठ्ठ्या वाचायच्या म्हटल्या तर रात्र सरेल. तरी मी पुन्हा वर्गावर गेले तर आठवड्यातून एकदा तरी करीन.

स्टेशनवरून तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनच्या वस्तीचं. मनिलाच्या मुलाला आत थोडं बसायचं होतं. बाहेर कठड्यावर बसून मी बाकीच्यांना 1321 ची गोष्ट सांगितली. ठाण्याच्या शाळांत ती कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्या वर्षी होर्मुझहून निघालेलं एक जहाज ठाण्याला लागलं. त्यातून फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चौघं उतरले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघं इटलीचे. चौथा देमेत्रिउस, टिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, ज्याला अनेक भाषा येत. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, त्यांच्याकडे हे उतरले. पुढे काझीसमोर धर्माचा वाद झाला आणि एप्रिलमध्ये चौघांनाही मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी बाहेरगावी होता. त्यानं देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा प्रवासी आला, त्यानं त्यांच्या अस्थी चीनच्या झैतून बंदरापर्यंत नेल्या.

इंडोनेशियन मुलगी रोज्याची असूनही सगळ्यात सावध ऐकत होती. सांगताना मीच थोडी अडखळत होते, तिला काय वाटेल म्हणून. तिनं विचारलं, "त्यांना मारल्यावर राज्यकर्ते काय म्हणाले?" ओदोरिकच्या वृत्तांतात ते आहे: दिल्लीच्या सुलतानानं ठाण्याच्या अंमलदाराला त्याबद्दल शिक्षा केली. ती म्हणाली, "मग ही गोष्ट दोन धर्मांची कमी आणि एका अंमलदाराची जास्त आहे." मनिलाचा मुलगा तेवढ्यात बाहेर आला होता. तो म्हणाला, ओदोरिक स्वतः त्यांच्याच पंथाचा, तेव्हा त्याचं लिहिणंही तपासून घ्यायला हवं. मग दोघांचं जुंपलं. आवाज चढले नाहीत, कोणी दुखावलं नाही, आणि कोणी गोडगोड बोलून विषय संपवलाही नाही. अशा वेळी आपल्याकडे मोठी माणसं 'जाऊ दे ना' म्हणतात. या मुलांनी जाऊ दिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिथून सेंट जेम्स चर्च बाहेरून पाहिलं, इंग्रजांचं, 1825 साली बिशप हेबरनं प्रतिष्ठापना केलेलं. जवळच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला काढला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि आता मध्यवर्ती कारागृह आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये इथेच फाशी दिलं. आत जाता येत नाही, रस्त्यावरून हात जोडून निघालो.

दुपारी आधी परवानगी घेऊन ठेवल्याप्रमाणे शआर हाशमाईम सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात गेलो, 1879 चं. पासपोर्ट पाहून आत सोडलं. तिथल्या आजोबांनी डोक्यावर ठेवायला टोप्या दिल्या आणि अस्सल कोकणी वळणाच्या मराठीत बोलायला लागले. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर. मग मलिद्याचं वर्णन: ताटात पोह्यांचा गोड ढीग, त्यात खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हानबी म्हणजे प्रेषित एलियाची आठवण. इंडोनेशियन मुलगी म्हणाली, आमच्याकडेही इलियास आहेत. मनिलाचा मुलगा म्हणाला, आमच्याही. आजोबा मराठीत म्हणाले, "अगं, मग बसा की, उभं राहून काय बोलता," आणि बाकांवरची धूळ स्वतः रुमालानं झटकली.

संध्याकाळी रोजा सोडायला राबोडीत. रस्त्यावर फळांच्या गाड्या, खजूर, रूह अफजा, गरम भजी. अजान झाली, मुलीनं पहिला खजूर तोंडात घातला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

शुक्रवार, 28 मार्च

आज ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीनं. अमावस्या जवळ आलेली, उधाणाची भरती, तिच्या वेळेप्रमाणे बोट सुटते. ठाणे खाडीतला हा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे गुलाबी पट्टा. उडाले की पंखांखालचं गडद लाल आणि काळं दिसतं; बसलेले असताना ते कळत नाही.

याहून जास्त लिहीत नाही, फोटो काढणाऱ्यांनी या खाडीला पुरेसा न्याय दिला आहे. एक मात्र सांगते. त्यांच्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष युआसा हाचिरो हे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यामुळे तिवरांच्या चिखलातल्या लहानशा जिवांकडे बोट दाखवत भाची म्हणाली, "आमच्या पहिल्या सरांना फ्लेमिंगोपेक्षा हेच जास्त आवडलं असतं."

शनिवार, 29 मार्च

सकाळी ट्रान्सहार्बर लोकलनं बेलापूर. भाचीला मित्रांना आर्टिस्ट्स व्हिलेज दाखवायचं होतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात घरांमध्ये एक अंगण, अशी तीन अंगणं मिळून एक मोठी मोकळी जागा, आणि असं करत ओढ्याकाठच्या मैदानापर्यंत. प्रत्येकाला आपली जागा, आणि पैसा येईल तसं घर वाढवायची मुभा. लोकांनी वाढवलंही, आज मूळची कौलारू घरं शोधावी लागतात. एका ओट्यावर आजी साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. त्यांनी मुलांना कामाला लावलं. जपानी मुलीनं प्लास्टिकवर पळीनं गोल पापडी घालताना घेतलेली एकाग्रता बघण्यासारखी होती. कड फाटू नये म्हणून ती श्वास रोखत होती. आजींनी तिला पूर्ण रांग घालायला दिली.

याच कोरियांनी प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह 1960 च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवावं असं सुचवलं होतं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. हे सगळं मी उत्साहानं सांगत होते, तेव्हा मनिलाचा मुलगा म्हणाला, "त्याआधी इथे कोण होतं?"

हा प्रश्न येणार हे एव्हाना मला कळायला लागलं होतं, आणि तो आला याचा आनंद झाला. इथे 95 गावं होती. आगरी, कोळी, कराडी यांची भातशेती, मिठागरं, मासेमारी. जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांनी लोक उभे केले. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात जासईजवळच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं. सुंदर अंगणांची गोष्ट सांगताना हे गाळलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं.

तेव्हा जपानी मुलीनं त्यांच्या जागेची गोष्ट सांगितली. मिताकाचं त्यांचं आवार युद्धकाळात नाकाजिमा या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं संशोधन केंद्र होतं. याच कंपनीनं जपानची लढाऊ विमानं बनवली. हरल्यावर, सगळं बेचिराख झालेलं असताना, लोकांनी वर्गणी काढली. बँक ऑफ जपानचे गव्हर्नर इचिमाडा हिसातो त्यात पुढे होते. अमेरिकेतल्या चर्चेसनीही पैसे जमवले. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शंभरात एखादं, म्हणजे वर्गणी देणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हतेच. 1949 मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली, 1953 मध्ये ते सुरू झालं. कंपनीची मुख्य इमारत पाडली नाही, तिच्यातच वर्ग भरवले, आजही भरतात. जिथे विमानांचे नकाशे काढले जात होते त्या खोल्यांत ही मुलं तत्त्वज्ञान शिकतात.

भाचीनं पुढचं सांगितलं. प्रवेशाच्या समारंभात प्रत्येक विद्यार्थी एका प्रतिज्ञेवर सही करतो, त्यात 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांनुसार वागण्याचं वचन असतं. नाव पुकारतात, आपण आपल्या लिपीत सही करायची. तिनं देवनागरीत केली. मी तिला सांगितलं, त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते, ते बदलून 'सर्व मानव' करायला लावलं ते हंसा मेहता यांनी. भारताच्या प्रतिनिधी, आणि त्याच सुमारास मुंबईत कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू. भाचीला हे माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आपण सही केलेल्या कागदावरचा एक शब्द आपल्याच गावाकडच्या बाईचा आहे, हे कळल्यावर कोणाचेही भरतील.

रात्री जेवायला ताईकडे, ऐरोलीला. भावोजींनी आल्या आल्या विषय काढला. ते प्रेमळ आहेत आणि मुलीच्या काळजीनं बोलतात, हे मला माहीत आहे. ते म्हणाले, "दोन वर्षं सगळं थोडं थोडं शिकायचं, म्हणजे धड काहीच नाही. नोकरी कोण देणार?" इंडोनेशियन मुलीनं शांतपणे सांगितलं की मुख्य विषय निवडल्यावर तो खोलात शिकावाच लागतो, शेवटी प्रबंध लिहावा लागतो. दोन विषयही घेता येतात. भाची म्हणाली, "बाबा, मला बारावीला तुम्ही विचारलं असतं तर मी कॉम्प्युटर म्हटलं असतं, कारण मला बाकीचं काही दाखवलंच नव्हतं." भावोजी गप्प झाले, पटले असं नाही. त्यांची शंका मी उडवून लावणार नाही. परदेशी शिक्षणाचा खर्च, शिष्यवृत्ती मिळूनही, त्यांच्या खांद्यावर आहे. आपल्याकडेही 2020 च्या शैक्षणिक धोरणानं अनेक विषय एकत्र शिकण्याची दारं उघडली आहेत. मात्र दार उघडून भागत नाही, आत शिकवणारी माणसं आणि छोटे वर्ग लागतात. माझं मत विचाराल तर सोळाव्या वर्षी पोराच्या हातात एकच वाट देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मी हे त्या रात्री बोलले, पुन्हा बोलेन.

रविवार, 30 मार्च

गुढीपाडवा. पहाटे सहेरी आणि त्यापाठोपाठ गुढी. जपानी मुलीनं कळकाच्या काठीला खण बांधला, इंडोनेशियन मुलीनं साखरेची गाठी घातली. मनिलाच्या मुलानं कडुलिंब-गुळाची चटणी तोंड वाकडं न करता खाल्ली.

कौपिनेश्वर मंदिरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेत गर्दी मोठी होती. लेझीम, ढोल, चित्ररथ, बुलेटवर बसलेल्या नऊवारीतल्या मुली. पाहुण्यांना एका पथकानं लेझीम हातात दिली आणि चार पावलं शिकवली. मंदिर शिलाहारांच्या काळापासूनचं, आजची बांधणी पेशवाईत 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केलेली. दुपारी श्रीखंडपुरी, एका ताटातलं श्रीखंड संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये.

संध्याकाळी सगळे गच्चीवर, ताई-भावोजीही आले होते. शेवटचा रोजा, चंद्र दिसतो का पाहायचं होतं. पश्चिमेला येऊरच्या डोंगरावर कोर दिसली आणि राबोडीकडून फटाके ऐकू आले. उद्या ईद. मुलीनं श्रीखंडानं रोजा सोडला. मग तिनं विचारलं, "तुमचा पाडवा आणि आमची ईद एकाच चंद्रावर आली. मग दरवर्षी का येत नाही?"

आणि भावोजी, जे रेल्वेत हिशेब खात्यात होते, खुर्ची ओढून पुढे आले. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकरा दिवस कमी. आपण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून फरक भरून काढतो, पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतोय, म्हणून पाडवा मार्च-एप्रिल सोडत नाही. हिजरी सनात अधिक मास नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. मनिलाचा मुलगा म्हणाला, ईस्टरही चंद्रावरच ठरतो, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार, यंदा 20 एप्रिल. जपानी मुलगी म्हणाली, आमच्याकडेही चांद्र पंचांग होतं, ते 1872 च्या शेवटी सोडलं आणि 1873 पासून युरोपी दिनदर्शिका आली, रेल्वे आली त्याच्या पाठोपाठ. भावोजींनी विचारलं, "एकोणीस वर्षांत अधिक मास किती, सांग बघू?" तिनं वहीत आकडेमोड केली आणि सात म्हणाली. भावोजींनी टेबलावर थाप मारली. मग शेतकरी पंचांग का जपतो, सणाची तारीख सत्ता का बदलते, उधाण अमावस्या-पौर्णिमेलाच का, असं बोलणं लांबत गेलं. खाडीची बोट, पाडवा, ईद, गणित, इतिहास सगळं एकाच टेबलावर.

विमानतळावर जायला साडेनऊला गाडी सांगितली होती, ती खाली थांबून हॉर्न वाजवत होती. ताई डब्यात पुरणपोळ्या भरत होती, ईदच्या दिवशी विमानात खायला. भाचीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा भावोजींनी विचारलं, विषय कधी सांगायचा असतो. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, ती म्हणाली. "हरकत नाही, सावकाश ठरव," ते म्हणाले, "फक्त दोन घेणार असशील तर एक गणित ठेव." ती म्हणाली, गणित आणि इतिहास असाच विचार चाललाय. खाली उतरेपर्यंत दोघांचं त्यावरच चाललं होतं.